छत्रीवाल्याचे तीन केस

तिरक्याला हात काढता येत नसत. ज्याचं व्यंगचित्र वीसेक वर्षं रोज पेपरात छापून येतंय, त्याच्याबद्दल पहिल्याच वाक्यात असं सांगणं बरं दिसत नाही. पण पुढचं सगळं रामायण त्या हातांवरून झालं, त्यामुळे इलाज नाही. चेहरे, पाठी, पोटं, खुर्च्या, कुत्री त्याला डोळे झाकून जमत. हाताची पाच बोटं काढायची वेळ आली की मात्र गाजरांची जुडी व्हायची. म्हणून त्याची माणसं एकतर हात पाठीमागे बांधून उभी असत, नाहीतर खिशात घालून, नाहीतर हातापेक्षा मोठं काहीतरी धरून. एका समीक्षकाने लेख लिहून जाहीर केलं, की तिरक्याचा नागरिक हा व्यवस्थेने हात बांधलेला नागरिक आहे. तिरक्याने ते कात्रण जपून ठेवलं आणि हात शिकायचा विचार सोडून दिला.

खरं तर तो पेपरात चित्रं काढायला गेलाच नव्हता. तो होता मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधीच्या कागदावर चुका शोधणारा. चुका संपल्या की समासात उपसंपादकांची तोंडं काढायची, हा त्याचा विरंगुळा. एक दिवस अर्थसंकल्पाच्या बातमीचा कागद तसाच पुढे गेला आणि आकडेवारीच्या शेजारी, टेबलावर मान टाकून झोपलेल्या मुख्य उपसंपादकाला सगळ्या शहराने पाहिलं. लोकांना वाटलं, हे अर्थमंत्रीच. कौतुकाची पत्रं आली, आणि ज्याला सकाळी काढून टाकायचं ठरलं होतं त्याला संध्याकाळी रोजची एक चौकट मिळाली. चौकटीच्या कोपऱ्यात सही मावेना म्हणून त्याने ती तिरकी केली. तेव्हापासून तो तिरका. दूध टाकणारासुद्धा त्याला तिरकेसाहेब म्हणतो.

त्याच पेपरात छोट्या जाहिराती घेणाऱ्या खिडकीत एक मुलगी बसायची. तिच्याशी त्याचं जमलं. तिचे वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूचे काटे, लिटरची मापं आणि कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. ते बाजारात शिरले की दुकानदार हातातलं काम टाकून उठून उभे राहत. अशा माणसासमोर तिरका मागणी घालायला गेला. काय करता, असं त्यांनी विचारलं. चित्रं काढतो, असं त्याने सांगितलं.

"ते कळलं," निरीक्षक म्हणाले. "काम काय करता?"

लग्न झालं, कारण मुलगी बापाच्या वळणावर गेली होती आणि तिने एकदा मोजून घेतलेल्या मापात पुन्हा फरक पडत नसे. पण सासऱ्याच्या तराजूत जावयाचं पारडं काही खाली येईना. त्यात पुढे पेपराने पगारी माणसं कमी केली. तिरक्याची चौकट राहिली, टेबल गेलं. मी आता मुक्त लेखक झालो, असं त्याने घरी जरा ऐटीतच सांगितलं. सासरेबुवा म्हणाले, की मुक्त म्हणजे सुटलेला, तेव्हा हा नक्की कुठून सुटला ते आधी कळावं. त्याच वर्षी ते स्वतः निवृत्त झाले होते आणि मोठ्या घरात एकटे होते. बायकोने माहेरची मागची खोली झाडून घेतली, आणि तिरका शाईच्या बाटल्या, उतरतं टेबल आणि उरलासुरला स्वाभिमान घेऊन घरजावई झाला.

मुक्त लेखक म्हणजे पडेल ते लिहिणारा. तिरक्याने शब्दकोडी रचली. शिवणयंत्र कसं वापरावं याची पत्रकं लिहिली. यंत्र त्याच्या घरात नव्हतं, पण लिहिताना अडलं नाही. निवृत्त होणाऱ्या लोकांची निरोपाची भाषणं लिहिली, आणि एकदा तर निरोप घेणाऱ्याचं आणि निरोप देणाऱ्याचं अशी दोन्ही लिहिली, तेव्हा समारंभात दोघंही एकाच जागी गहिवरले. आणि रोजचं राशिभविष्य लिहिलं. त्यावर एका दाढीवाल्या गृहस्थाचा फोटो असे. तो कोण होता हे पेपरात कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या कपाटात सापडला होता. सासरेबुवांचा त्या दाढीवाल्यावर विश्वास होता, निदान तिरक्याला तसं वाटायचं. सासरा-जावयाची वादावादी झाली, की दुसऱ्या दिवशी सासरेबुवांच्या राशीला ग्रह सांगत, की घरातल्या तरुण माणसांशी आज गोड बोलावं. ग्रहांचा एवढा थेट उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

छत्रीवाला जन्मला तो या मागच्या खोलीत. चौकटीत रोज काहीतरी घडे: रस्ता खणला जाई, पुढारी उद्घाटन करी, नळाला पाणी नसे. हे सगळं मुकाट बघत उभा असणारा एक माणूस तिरक्याला हवा होता. खिडकीतून समोर पाहिलं तर अंगणात सासरेबुवा उभे होते. बुटके, पोट पुढे, पट्टा जवळजवळ छातीवर, बाटलीच्या बुडाएवढ्या काचांचा चष्मा, आणि टकलावरून डावीकडून उजवीकडे नेऊन बसवलेले तीन केस. तिरक्याचा हात आपोआप चालू लागला. निळ्या पेन्सिलीने आधी बारीक आखलं, वर शाई फिरवली, आणि घोडं अडलं ते नेहमीच्या जागी. हातांचं काय करायचं? त्याने दोन्ही हात एका लांब छत्रीच्या गलेलठ्ठ मुठीमागे दडवले. सासरेबुवांकडे तेव्हा छत्री नव्हती. छत्री म्हणजे तिरक्याची शुद्ध अडचण.

काढलेलं चित्र तो आधी बायकोला दाखवी. तिने बघून "मग?" असं विचारलं, की चित्र फाडायचं, हा त्यांचा नियम. या वेळी तिने काही विचारलं नाही. ती हसत सुटली, इतकी की तिला खुर्चीवर बसावं लागलं. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, की बाबांना हे कळलं तर आपल्या दोघांचं सामान अंगणात येईल. तिरका म्हणाला, एवढा एकच दिवस. पण वाचकांना तो माणूस असा काही भावला, की दोन महिन्यांत छत्रीवाल्याशिवाय चौकट छापणं संपादकाला शक्य राहिलं नाही.

गल्लीने अर्थातच पहिल्या आठवड्यात ओळखलं. तिरक्याच्या बायकोने वाणी, दूधवाला, कोपऱ्यावरचा सलूनवाला, समोरच्या काकू, सगळ्यांना गाठून गप्प राहण्याचं वचन घेतलं. खुद्द सासरेबुवांची भीती नव्हती, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. चष्मा आणि भिंग एकावर एक धरून त्यांना पेपरातले ठळक मथळे तेवढे लागत. तिरक्याची दोन बोटं रुंद चौकट त्यांना शाई सांडल्यासारखी दिसे.

म्हणून पेपर तिरकाच वाचून दाखवी. रोज साडेसातला, चहाबरोबर. मथळे, निधनवार्ता, राशिभविष्य, आणि सगळ्यात शेवटी सासरेबुवा विचारत, की आज काय रेघोट्या ओढल्या आहेत. मग तिरका सांगे.

"एक गृहस्थ उभे आहेत."

"कसे आहेत?"

"उंच. शिडशिडीत. एकदम भारदस्त."

"केस?"

"दाट."

सासरेबुवा "हं" म्हणत आणि बशीतला चहा संपवत. बारा वर्षं हा संवाद एका शब्दाचाही फरक न होता चालला. खोटं बोलण्यात इतकं सातत्य ठेवणं सोपं नाही, आणि तिरक्याला त्याचा थोडा अभिमानही होता.

या बारा वर्षांत एक गंमत झाली. दुसऱ्या वर्षी सासरेबुवांनी लांब मुठीची काळी छत्री विकत घेतली आणि ऐन उन्हाळ्यातही ती घेऊन ते बाजारात जाऊ लागले. कुत्र्यांसाठी, असं त्यांनी सांगितलं. तिरका चाट पडला. माणूस पुढे काय करणार हे आपण आधीच काढतो, म्हणजे आपली नजर किती खोल, असं त्याने बायकोला दोनदा ऐकवलं. केसांचंही तेच. ते तीन केस काढून टाका, मोकळं वाटेल, असं लेक वर्षानुवर्षं म्हणत होती, पण म्हातारा त्या तीन केसांना जिवापलीकडे जपत होता. आणि बाजारात लोक अजून त्यांना पाहून हसतमुखाने उठत. जुन्या साहेबाचा दरारा, दुसरं काय, असं तिरक्याला वाटे. रोज माणसं बघून पोट भरणाऱ्या माणसाला समोरचं किती कमी दिसतं ते बघा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तारीख दिली तेव्हा सासरेबुवांनी एकच विचारलं, की दाढीवाला काय म्हणतो. तिरक्याची झोप उडाली. म्हाताऱ्याला दिसू लागलं, की पहिल्या सकाळी तो पेपर उघडणार, आणि उंच शिडशिडीत गृहस्थांच्या जागी स्वतःचं पोट बघणार. मग सामान अंगणात. त्या रात्री ग्रहांनी लिहिलं: "वैद्यकीय कामास आठवडा अनुकूल नाही." तारीख टळली. सहा महिन्यांनी दुसरी तारीख आली, तेव्हा शनी आडवा आला.

तिसऱ्या तारखेच्या वेळी शनीचा कागद टेबलावरच राहिला आणि बायकोच्या हाती पडला. ती ओरडली नाही. बापासारखीच कागद लांब धरून शांतपणे वाचत राहिली.

"तुमच्या एका चित्रापायी तुम्ही माझ्या बापाला आंधळं ठेवलंत," ती म्हणाली.

विनोदी माणसाची पंचाईत अशी, की खरोखरची लाज वाटली तरी चेहरा पूर्वीसारखाच दिसतो. बायकोने पेन त्याच्या हातात दिलं आणि समोर उभं राहून लिहून घेतलं: "नेत्रविकारांवर उपचार करून घ्यावेत. उत्तम योग." उपचार सहा आठवड्यांनी ठरला, उजवा डोळा आधी.

सहा आठवडे हातात होते, आणि तिरक्याला युक्ती सुचली. माणूस एकदम बदलला तर लोक बोंब मारतील; रोज एकच रेघ बदलली तर कुणाच्या लक्षात येणार? पहिल्या दिवशी त्याने पट्टा केसभर खाली आणला. दुसऱ्या दिवशी पोट थोडं आत घेतलं. मग चष्म्याची काच पातळ केली. मान लांबवली. तीन केसांचे चार झाले, चाराचे सात, आणि महिनाभरात छत्रीवाल्याच्या डोक्यावर शेत उभं राहिलं. पाय वाढले, पाठ ताठ झाली. सहाव्या आठवड्याला चौकटीत एक उंच, शिडशिडीत, भारदस्त गृहस्थ उभे होते. बारा वर्षांच्या थापा तिरक्याने खऱ्या करून दाखवल्या होत्या.

पण वाचक हा प्राणी तिरक्याला वाटत होता त्यापेक्षा लबाड निघाला. पत्रं येऊ लागली. छत्रीवाले आजारी आहेत का, असं एकाने काळजीने विचारलं. त्यांचं दुसरं लग्न ठरलंय का, असं एका बाईंना वाटलं. एका केशतेल विकणाऱ्याने कोणतं तेल ते कळवण्याची विनंती केली. संपादकाने तिरक्याला बोलावून दोन चित्रं शेजारी ठेवली, एक जुनं आणि एक कालचं.

"हा विमा विकायला आलाय," संपादक कालच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला. "आमचा म्हातारा कुठाय?"

पुढच्या सोमवारपर्यंत म्हातारा परत आला नाही तर त्या जागी हवामान छापणार, असं त्याने सांगितलं. तिरका मान खाली घालून घरी आला. चौकट गेली तर उरणार होता दाढीवाला आणि शिवणयंत्रं. पण म्हाताऱ्याची पट्टी बुधवारी सुटणार होती. आधी बुधवार तर पार पडू दे, सोमवारचं सोमवारी बघू, असं त्याने ठरवलं.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. सासरेबुवांनी आधी लेकीकडे पाहिलं आणि ती वाळली आहे असं सांगितलं. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, दाराच्या कडीवरचा गंज पाहिला. घरी आल्यावर खुर्चीत बसले आणि पेपर मागितला. तिरका वाचायला पुढे झाला, तर त्याला हातानेच थांबवलं. स्वतः उघडला. मथळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आतल्या पानावर गेले, चौकट शोधली आणि कागद डोळ्यांपुढे धरला.

तिरक्याची बायको दारात पदर चावत उभी होती.

"हा कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"छत्रीवाला," तिरका म्हणाला. "मी सांगत होतो ना, उंच, शिडशिडीत."

सासरेबुवांनी पेपर घडी घालून टेबलावर ठेवला, खोलीत गेले आणि पडून राहिले.

वाचलो, असं तिरक्याला वाटलं. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला. पण गुरुवारी सासरेबुवा फिरायला गेले नाहीत. शुक्रवारी गेले ते दहा मिनिटांत परत आले. लेकीने पातळ काचांचा नवा चष्मा आणला होता, तोही उतरवून ठेवला. टोमणा नाही, रेघोट्यांची चौकशी नाही. तिरक्याने मुद्दाम चहात साखर जास्त टाकली, तरी म्हातारा निमूट प्यायला. बारा वर्षं ज्या बोलण्याचा जाच वाटला, ते बोलणं बंद झाल्यावर घर खायला उठलं.

शनिवारी सकाळी सलूनवाला सासरेबुवांना दंडाला धरून घेऊन आला. त्यांच्या गुडघ्याला खरचटलं होतं, आणि नाकावर होता तो जुना, बाटलीच्या बुडाचा चष्मा. बऱ्या झालेल्या डोळ्यावर तो घातल्याने त्यांना धड काहीच दिसत नव्हतं, आणि ते दूधवाल्याच्या रिकाम्या क्रेटवर जाऊन आदळले होते. लेकीने चष्मा ओढून काढला. वेड लागलंय का, असं ती रडवेली होऊन विचारू लागली. सासरेबुवा भिंतीकडे बघत राहिले.

सलूनवाल्यालाच राहवलं नाही. त्याने तिरक्याकडे वळून सांगितलं, की साहेबांना आता बाजारात कुणी ओळखत नाही. एक तर चित्रातला माणूस बदलला, आणि त्यात साहेबांनी चष्मा बदलला. काल भाजीवालीने त्यांना नाव विचारलं.

"बारा वर्षं दर महिन्याला येतात माझ्याकडे," सलूनवाला म्हणाला. "कापायला आहे काय डोक्यावर? पण खिशातून तुमच्या चित्राचं कात्रण काढतात आणि सांगतात, बघून सांग, तिन्ही केस बरोबर आहेत का."

छत्री, पट्टा, तीन केस, सगळं तिरक्याच्या डोक्यात एकामागून एक सरळ झालं. तो म्हाताऱ्याला बघून चित्र काढत होता, आणि म्हातारा चित्राबद्दल लोकांकडून ऐकून ऐकून तसा राहत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"पहिल्या आठवड्यात." सासरेबुवांनी भिंतीवरची नजर काढली नाही. "वाण्याने सांगितलं. कुणाला सांगू नका म्हणाला, म्हणून नाही सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लाजून काढायचं बंद केलं असतंस," ते म्हणाले. "तीस वर्षं लोक मला भिऊन उभे राहिले. निवृत्त झालो, दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो, तर एक माणूस उठला नाही. एक. मग तुझं ते सुरू झालं. लोक हसून उठायला लागले. भिऊन उठण्यापेक्षा ते बरं वाटलं मला."

सलूनवाल्याने जायचं म्हणून दारापर्यंत पाऊल टाकलं आणि तिथेच ऐकत उभा राहिला.

"बारा वर्षं नुसतं ऐकलं," सासरेबुवा म्हणाले. "एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून डोळा कापून घेतला. आणि बघतो तर तो कुणीतरी लांबुडका."

तिरक्याने चाचरत राशिभविष्याचंही सांगायला सुरुवात केली. सासरेबुवांनी त्याला मध्येच तोडलं. ज्या दिवशी आपलं वाजतं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रह गोड बोलायला सांगतात, हे न कळायला मी काय तीस वर्षं डोळे मिटून मापं तपासली का, असं ते म्हणाले. ग्रहांनी दोनदा थांबवलं ते त्यांनाही हवंच होतं, कारण डोळ्याजवळ सुरी येणार म्हणून ते स्वतःच भ्यालेले होते. एवढं कबूल केल्यावर त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा खणखणीत झाला. त्यांनी खुर्ची उचलली, मागच्या खोलीत नेली, उतरत्या टेबलासमोर मांडली आणि छत्री घेऊन बसले.

"काढ," ते म्हणाले. "आता मला दिसतंय. माप चुकलं तर सांगतो."

बारा वर्षं चोरून काढलेला माणूस तिरका पहिल्यांदा समोर बसवून काढत होता. निळ्या पेन्सिलीचं काम संपेपर्यंत सूचना येत राहिल्या. पोट एवढं नाही, असं सासरेबुवा म्हणाले. एवढंच आहे, असं दारातून लेक आणि सलूनवाला एकदम म्हणाले. पट्टा अजून वर हवा. केसांतला मधला किंचित वाकडा आहे, तो तसाच हवा. मग तिरका शाई फिरवत असताना सासरेबुवांनी सहज विचारलं, की एवढं सगळं आपलं घेतलं, मग छत्री कुठून आली.

तिरका खोटं बोलून थकला होता. "मला हात काढता येत नाहीत," त्याने सांगून टाकलं. "बोटं जमत नाहीत. ती लपवायला."

सासरेबुवांनी हातातल्या छत्रीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं.

"म्हणजे दहा वर्षं भर उन्हात मी ही काठी वागवतोय," ते सावकाश म्हणाले, "ती तुला बोटं येत नाहीत म्हणून?"

बायकोला पुन्हा खुर्ची लागली. सलूनवाला दाराला धरून हसला. सासरेबुवा हसले नाहीत, पण चित्र पूर्ण होईपर्यंत त्यांनी छत्री खाली ठेवली नाही.

चित्र सोमवारी छापून आलं. खणलेला रस्ता होता, पुढारी होता, आणि कोपऱ्यात छत्रीवर दोन्ही हात ठेवून आपला म्हातारा. हवामान आपल्या जागी गेलं. साडेसातला चहा आला. सासरेबुवांनी नवा चष्मा लावला, पेपर स्वतः उघडला, आणि मथळे, निधनं, भविष्य सगळं सोडून चौकट मोठ्याने वाचून दाखवू लागले.

"एक म्हातारा उभा आहे. बुटका. पोट सुटलेलं. पट्टा छातीवर. डोक्यावर तीन केस, मधला वाकडा." ते चित्राकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "माप बरोबर आहे," ते म्हणाले.

सासरेबुवांनी कुणालाही दिलेली ही पहिलीच शाबासकी असावी. तिरक्याचे डोळे भरून आले, म्हणून तो कप उचलायला वाकला. तेवढ्यात सासरेबुवांनी पेपर त्याच्याकडे सरकवला.

"पण यापुढे तूच वाचत जा," ते म्हणाले. "पूर्वी वाचायचास तसं."

तिरक्याने पेपर घेतला.

"एक गृहस्थ उभे आहेत," त्याने वाचलं. "उंच. शिडशिडीत. एकदम भारदस्त."

सासरेबुवांनी चष्मा काढला, नवा डोळा मिटला आणि खुर्चीत मागे रेलले.

"केस?" त्यांनी विचारलं.